पत्त्यातले गाव

सहलीच्या कंपनीबरोबर परदेशी जाणाऱ्या माणसाकडे पाहून किंचित हसण्याची आपल्याकडे एक पद्धत पडली आहे. पाठीला पिशवी लावून एकटा फिरतो तो 'प्रवासी', आणि गळ्यात कंपनीचे कार्ड अडकवून चाळीसजणांबरोबर फिरतो ते 'पॅकेज'! मी स्वतः गेल्या जूनमध्ये असे पॅकेज होऊन आलो आहे, आणि खरे सांगायचे तर मला त्याची यत्किंचितही लाज वाटत नाही. सहाला जाग, सातला न्याहारी, आठला बस, हा मंत्र ऐकून पुष्कळांच्या अंगावर काटा येतो. पण ज्याने वीस वर्षे घंटेच्या ठोक्यावर मराठीचे तास घेतले, त्याला बसच्या भोंग्याचे ते काय ओझे? शिवाय चाळीस अनोळखी माणसे आठ दिवस एका बसमध्ये कोंडली की तिची चाळ होते. फरक इतकाच, की चाळ जागच्या जागी असते आणि ही खिडकीबाहेरचे देश बदलत पुढे सरकते.

आयर्लंड निवडले ते हिने. दोन वर्षे भिशी चालवून तिने पैसे जमवले होते, तेव्हा निवडीचा अधिकारही ओघानेच तिच्याकडे गेला. "स्वित्झर्लंडला सगळेच जातात," एवढेच तिचे कारण. प्राध्यापकांच्या खोलीत मी बातमी सांगितली तेव्हा भूगोलाच्या प्राध्यापकांनी विचारले, "तिथे आहे काय?"

"पाऊस," मी म्हणालो.

"तो कोकणात नाही?"

याला उत्तर नव्हते. तथापि व्हिसा हातात पडला होता. आपल्या लोकांना ब्रिटन आणि आयर्लंड या दोन्ही देशांसाठी एकाच व्हिसावर हिंडण्याची सोय झालेली आहे. आणि आमची सहल तर दोन्ही देशांतून जाणारी होती. डब्लिनहून निघून बेलफास्ट, तिथून उत्तरेचा समुद्रकिनारा, डेरी, डोनेगाल, स्लायगो आणि परत डब्लिन.

आमच्या चाळीतली बिऱ्हाडे थोडक्यात सांगतो. डोंबिवलीच्या एक काकू होत्या. त्यांना जगातली कोणतीही गोष्ट विचारायला संकोच वाटत नसे. नागपूरचे एक वकीलसाहेब होते. ते प्रत्येक पाटीचा फोटो काढीत. नाशिकचे डॉक्टर दांपत्य भडंगाचा डबा घेऊन आले होते आणि त्या डब्यामुळे तिसऱ्या दिवसापर्यंत साऱ्या बसचे आप्त झाले होते. वेळेवर बोट ठेवणारा एक तरुण टूर मॅनेजर होता. आणि पुढच्या बाजूला, ड्रायव्हरच्या शेजारी, हातात मायक्रोफोन घेतलेला आमचा गाइड होता. बेलफास्टचा, साठी उलटलेला, लालबुंद चेहऱ्याचा आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता विनोद करणारा गृहस्थ.

डब्लिन सोडून तासभर झाला तसे वकीलसाहेब कॅमेरा सरसावून बसले. आता सीमा येणार होती. एक देश संपून दुसरा सुरू होणार, म्हणजे काही कमान, काही चौकी, निदान एखादा झेंडा तरी हवा! बस मजेत चालली होती. अखेर न राहवून त्यांनी विचारले, "सीमा कधी येणार?"

"मघाशी गेली," गाइड म्हणाला.

साऱ्या बसने माना वळवून मागे पाहिले. मागे हिरवे माळ होते, त्यांवर मेंढ्या होत्या, आणि पुढेही तेच. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी झाली होती आणि वेगाच्या पाट्यांवर किलोमीटरांचे मैल झाले होते, बस्स. १९२१ साली आयर्लंडची फाळणी होऊन उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तेव्हापासूनची ही जवळजवळ पाचशे किलोमीटर लांबीची सीमा. तिला ओलांडणारे दोनशेहून अधिक रस्ते आहेत. एके काळी त्यांतल्या कित्येकांवर सैन्याने अडथळे टाकले होते, टेकड्यांवर टेहळणीचे मनोरे उभारले होते. आज तिथे गाडीचा वेगसुद्धा कमी करावा लागत नाही.

वकीलसाहेब हिरमुसले. मी मात्र गप्प झालो. कारण मी बेळगावचा. नोकरीनिमित्त पुण्यास येऊन वीस वर्षे झाली, पण मुळात सीमेवरचा माणूस. सीमा म्हणजे काय हे आम्हांला भूगोलाच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. आमची सीमा दोन देशांमधली नाही, एकाच देशाच्या दोन राज्यांमधली आहे. तरी वातावरण तापले की दोन्हींकडच्या एस.टी. गाड्या अलीकडेच थांबतात. २०२५ च्या फेब्रुवारीतही त्या काही दिवस थांबल्या होत्या. आणि इथे दोन सार्वभौम देशांच्या मधून आमची बस भडंग खात निघून गेली होती.

बेलफास्टमध्ये आम्ही प्रथम टायटॅनिकचे संग्रहालय पाहिले. ज्या गोदीत ते जहाज बांधले, आणि जिथून १९११ च्या मे महिन्यात ते पाण्यात सोडले, त्याच जागी २०१२ मध्ये ही जहाजाच्या नाळेसारखी टोकदार, चकाकती इमारत उभी राहिली. डोंबिवलीच्या काकूंना राहवले नाही. "बुडालेल्या जहाजाचं मेलं एवढं कौतुक कशाला?" मी भाषांतर केले. गाइडने बेलफास्टकरांचे ठेवणीतले उत्तर दिले, "इथून निघालं तेव्हा ते ठणठणीत होतं!"

त्यानंतर नगरभवन. तिथल्या हिरवळीवर एका उंच छत्रीखाली लॉर्ड डफरिनचा पुतळा आहे आणि त्याच्या पायथ्याशी फेटेवाला, तलवारधारी हिंदी शिपाई बसला आहे. हा डफरिन इथल्याच डाउन परगण्यातला जमीनदार. तो हिंदुस्थानचा व्हाइसरॉय असतानाच, १८८५ साली, मुंबईत काँग्रेसची स्थापना झाली. परमुलखात आपला माणूस भेटावा तसा आनंद होऊन आमच्या मंडळींनी त्या शिपायाबरोबर फोटो काढून घेतले. मी गाइडजवळ उभा होतो. तो सांगत होता, की २८ सप्टेंबर १९१२ या दिवशी याच इमारतीत होमरूलच्या विरोधातल्या प्रतिज्ञापत्रावर सह्या करण्यासाठी माणसांची रीघ लागली होती. अल्स्टर प्रांतात मिळून स्त्रीपुरुषांच्या पावणेपाच लाखांच्या आसपास सह्या झाल्या.

होमरूलच्या विरोधात! मी थबकलो. 'होमरूल' हा शब्द आपण शाळेपासून किती गोड म्हणून ऐकत आलो आहोत. टिळकांनी तो आयर्लंडच्या चळवळीवरून उचलला आणि १९१६ च्या एप्रिलमध्ये आपल्या होमरूल लीगची स्थापना केली ती बेळगावात, माझ्या गावात. त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला. आम्हां बेळगावकरांना त्याचा केवढा अभिमान! पण इथे या शहरात तोच शब्द ऐकून लाखो माणसांच्या पोटात गोळा उठला होता. आयर्लंडला स्वराज्य मिळाले तर त्यात आपण, ब्रिटनशी नाते सांगणारे प्रॉटेस्टंट लोक, मूठभर होऊन राहू, ही त्यांची भीती. ती खरी की खोटी हा वाद निराळा. सह्या करणाऱ्याला ती खरीच वाटत होती. एकाच शब्दाची एकाला ओवाळणी आणि दुसऱ्याला धास्ती! शब्दांचा धंदा करणाऱ्या माणसाने हे आधीच ओळखायला हवे, पण अशा गोष्टी कोशांत दिलेल्या नसतात.

दुपारी आम्हांला 'शांतता-भिंत' दाखवली. फॉल्स रोडला कॅथलिकांची वस्ती, शँकिल रोडला प्रॉटेस्टंटांची. मध्ये घरांच्याही वर जाणारी भिंत. १९६९ च्या दंग्यांनंतर तात्पुरती म्हणून सुरुवात झाली आणि मग वाढतच गेली. रस्त्यांवर मोठाली फाटके आहेत. ती दिवसा उघडतात आणि रात्री बंद होतात. २०२३ पर्यंत अशा सगळ्या भिंती काढून टाकण्याचा संकल्प तिथल्या सरकारने २०१३ मध्ये सोडला होता. ते साल उलटून गेले, भिंती आहेतच. प्रवासी लोक भिंतीवर शाईच्या जाड पेनने शुभेच्छा लिहितात. टूर मॅनेजरने आमच्याही हातांत पेने दिली.

"भांडण मिटलं म्हणता ना? मग भिंत कशाला?" काकूंचा प्रश्न.

गाइड म्हणाला, "बाई, भिंतीलगतच्या घरात निजणाऱ्याला विचारा. त्याला रात्री फाटक बंद झाल्याचा आवाज ऐकल्याशिवाय झोप येत नाही."

काकूंना आता एकच ध्यास लागला. हा गाइड स्वतः कोणत्या बाजूचा? दोन दिवस त्या खोदून खोदून विचारीत होत्या आणि तो दाद देत नव्हता. "मी बसच्या बाजूचा," तो म्हणे. मात्र तिथली माणसे एकमेकांना कशी ओळखतात हे त्याने रंगवून सांगितले. नावावरून, शाळेवरून, आणि एच या इंग्रजी अक्षराच्या उच्चारावरूनसुद्धा! कॅथलिक मुलगा 'हेच' म्हणतो, प्रॉटेस्टंट मुलगा 'एच'. कारण शाळा निराळ्या. दोन्हींकडची मुले एका बाकावर बसावीत म्हणून १९८१ साली लगन कॉलेज ही पहिली एकत्र शाळा अठ्ठावीस मुलांनिशी निघाली. आज अशा शाळा पुष्कळ वाढल्या असल्या तरी बहुतेक मुले अजूनही आपापल्या शाळेतच जातात. 'न' आणि 'ण' यांवरून माणसाची जातकुळी काढणाऱ्या भाषेचा मी अध्यापक. मला हसू आले नाही.

तिसरा दिवस मात्र निर्भेळ आनंदाचा. अँट्रिमच्या किनाऱ्यावर कॅरिक-अ-रीड नावाचा दोरखंडांचा पूल आहे. कोळ्यांनी सामन मासे पकडायला बेटावर जाण्यासाठी तो पहिल्यांदा १७५५ साली बांधला. लांबी वीस मीटर, पण खाली तीस मीटरांवर समुद्र उसळत असतो. काकूंनी डोळे मिटून, रामरक्षा म्हणत तो पार केला आणि पलीकडे गेल्यावर त्यांना आठवण झाली, की परतही याच वाटेने यायचे आहे!

पुढे जायंट्स कॉजवे. सुमारे चाळीस हजार दगडी खांब, बहुतेक षट्कोनी, एकाला एक चिकटून समुद्रात उतरत गेलेले. लोककथा अशी, की फिन मॅककूल नावाच्या राक्षसाने स्कॉटलंडच्या राक्षसाशी झुंजायला जाण्यासाठी ही वाट बांधली. शास्त्र असे सांगते, की सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसून असा भेगाळला. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, "अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीला असेच खांब आहेत की!" खरेच आहे. आपला सह्याद्रीही याच काळ्या बेसॉल्टचा. फरक इतकाच, की १९८६ पासून यांचा दगड जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि आपल्या गिल्बर्ट टेकडीला इमारतींनी घेरले आहे.

तिथून डेरीकडे जाताना डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला फॉइलची खाडी लागते. खाडीलगतची जमीन परातीसारखी सपाट. गाइडने बस हळू करायला लावली. १८२७-२८ साली इथे कर्नल कोल्बीच्या माणसांनी सुमारे आठ मैलांची एक रेघ मोजली. धातूच्या खास पट्ट्यांनी, उन्हात लांबणार नाहीत आणि थंडीत आकसणार नाहीत अशा पट्ट्यांनी. त्या रेघेवर साऱ्या आयर्लंडचा नकाशा उभा राहिला. हे काम पाहायला १८२९ साली एक इंग्रज अधिकारी मुद्दाम आला आणि तसल्याच पट्ट्या घेऊन हिंदुस्थानात परतला. त्याचे नाव जॉर्ज एव्हरेस्ट. ज्याचे नाव पुढे जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळाले तो! आपल्या देशाच्या मोजणीची एक गुरुकिल्ली या ओल्या शेतात होती, हे मला ठाऊक नव्हते.

नकाशा काढायचा म्हणजे गावांची नावे लिहायची, आणि नावे आयरिश भाषेत, लिहिणारे इंग्रज. मग ती इंग्रजांच्या जिभेला मानवतील अशी झाली. ब्रायन फ्रील या नाटककाराने याच विषयावर 'ट्रान्सलेशन्स' हे नाटक लिहिले आणि १९८० साली त्याचा पहिला प्रयोग डेरीच्या गिल्डहॉलमध्ये झाला. पुण्याचे पूना, खडकीचे किरकी, शीवचे सायन झालेले पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. माझ्या पासपोर्टावर जन्मस्थळाची जी इंग्रजी अक्षरे आहेत ती वाचली तर 'बेलगाम' अशी वाचता येतात. लगाम नसलेले गाव! एरवी मी हा विनोद वर्गात सांगतो.

डेरी हे शहर तटाच्या आत वसलेले आहे. १६१३ ते १६१९ या काळात बांधलेला, दीड किलोमीटरचा हा तट आजही अभंग आहे आणि त्यावरून चालत साऱ्या शहराला प्रदक्षिणा घालता येते. आम्ही घातली. लंडनच्या व्यापारी संघांनी हे शहर वसवायला पैसा पुरवला म्हणून मूळच्या डेरीमागे 'लंडन' लागले. तेव्हापासून निष्ठावंत प्रॉटेस्टंटांचे ते लंडनडेरी. आयरिश राष्ट्रवाद्यांचे डेरी. १९८४ मध्ये नगरपरिषदेने आपल्या नावातले लंडन काढून टाकले. पण शहराचे अधिकृत नाव लंडनडेरीच, असा २००७ मध्ये न्यायालयाने निर्वाळा दिला. रस्त्यावरच्या पाट्यांवर 'लंडन'ला कोणीतरी रंग फासून ठेवतो. सरकार पाटी बदलते. रंग पुन्हा फासला जातो. जेरी अँडरसन नावाच्या एका नभोवाणी-निवेदकाने कंटाळून दोन्ही नावांमधल्या तिरप्या रेघेवरून शहराचे 'स्ट्रोक सिटी' असे बारसे करून टाकले! आमचा गाइड एका वाक्यात डेरी म्हणे आणि पुढच्या वाक्यात लंडनडेरी. दोन्ही पारडी सारखी राहतील अशी काळजी घेई.

तटावरून खाली बॉगसाइडची वस्ती दिसते. ३० जानेवारी १९७२ रोजी, रविवारी, तिथे नागरी हक्कांच्या मोर्च्यावर ब्रिटिश सैनिकांनी गोळीबार केला. तेराजण ठार झाले, चौदावा पुढे मरण पावला. ते निरपराध होते हे सरकारी चौकशीच्या अहवालाने मान्य करायला २०१० साल उजाडले. आणि अर्थात दुसऱ्या बाजूचीही माणसे मेली. बाँबने, गोळीने, घराच्या दारात. तीस वर्षांत सुमारे साडेतीन हजार माणसे. आमच्या बसमध्ये चाळीसजण होतो. मी मनातल्या मनात भागाकार केला आणि सोडून दिला.

तटावर एका बुरुजाशी बसून चहा घेताना गाइडने मला विचारले, "तुमचं गाव कोणतं?"

साधा प्रश्न. पण त्या तटावर बसून उत्तर देणे जड गेले. मी म्हणालो, "मी त्याला बेळगाव म्हणतो."

त्याने कप खाली ठेवला. "आणि दुसरे?"

मग मी त्याला सगळे सांगितले. १९५६ साली भाषावार राज्ये झाली आणि माझे गाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो अजून चालू आहे. दर १ नोव्हेंबरला एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसऱ्या रस्त्यावर काळ्या दिनाची फेरी. २०१४ च्या त्याच तारखेला गावाचे नाव सरकारी कागदांत 'बेळगावी' झाले.

जे त्याला सांगितले नाही ते इथे सांगतो. आमच्या गल्लीत समोरच्या घरात माझा बालमित्र राहत असे. घरची भाषा कन्नड. त्याच्या आईला मी अव्वा म्हणे, माझ्या आईला तो मावशी म्हणे. जोंधळ्याची पातळ भाकरी आणि शेंगांची चटणी मी त्यांच्या घरी खाल्ली. गणपतीत आमच्याकडे मोदकांचा पहिला वाटेकरी तो. १ नोव्हेंबरला आम्ही दोघे मिळून दोन्ही मिरवणुका पाहायला जात असू; कुठे गूळपाणी मिळते, कुठे नाही, एवढाच आमचा पक्ष. पुढे मोठे झालो. २०१४ साली नाव बदलले तेव्हा त्याने आनंदाने निरोप धाडला. मी आनंद झाला नसल्याचे कळवले. बस्स, एवढेच. भांडण असे झालेच नाही. झाले असते तर मिटले तरी असते! त्यानंतर पाडवा आणि दिवाळी या दिवशी शुभेच्छांची चित्रे इकडून तिकडे जातात, आणि त्यांत आम्हां दोघांपैकी कोणीच नसते.

गाइड थोडा वेळ खाली नदीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "डेरी म्हणजे काय, माहीत आहे? दॉरा. ओक झाडांची राई. पहिल्यांदा नुसती राई होती. तुमच्या गावाच्या नावाचा अर्थ काय?"

"वेणुग्राम," मी म्हणालो. "जुन्या लेखांत तसं आहे. बांबूंचं गाव."

"म्हणजे मूळ नाव दोन्हींकडे झाडांनीच ठेवलेलं," तो म्हणाला. "त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही." आणि थोड्या वेळाने, "इथे पुष्कळजण पत्त्यात गावाचं नाव लिहितच नाहीत. घराचा नंबर आणि बीटी ४८. पत्र बरोबर पोचतं."

खाली उतरताना मी एका दुकानातून शहराच्या तटाचे एक चित्रकार्ड घेतले. दोन दिवस ते कोरेच खिशात राहिले.

डेरीतून पश्चिमेला निघालो की दहा मिनिटांत डोनेगाल परगणा, म्हणजे पुन्हा आयर्लंडचे प्रजासत्ताक. नकाशात हा परगणा सगळ्यांच्या वर, बेटाचे अगदी उत्तरेचे टोक यातच. पण राजकारणात तो 'दक्षिण'. वकीलसाहेबांनी वहीत लिहून घेतले, की या देशात उत्तरेकडे गेल्यावर दक्षिण लागते! इथल्या आयरिशभाषी पट्ट्यात पाट्यांवर फक्त आयरिश नावे आहेत. काही वाचता येईना. मला मात्र बरे वाटले. एखाद्या घरात शिरल्यावर घरची माणसे आपसांत बोलत असावीत आणि आपल्याला न कळूनही ऊब वाटावी, तसे. उत्तरेतही २०२२ च्या कायद्याने आयरिशला अधिकृत स्थान मिळाले आहे. आणि बेलफास्टच्या पूर्व भागात, प्रॉटेस्टंट वस्तीत, ही 'दुसऱ्यांची' भाषा शिकायला लोक हौसेने वर्गात येतात, असे गाइडने सांगितले. त्या वर्गाला हजेरीची सक्ती नाही. माझ्यातल्या अध्यापकाला ही गोष्ट साऱ्या किल्ल्यांहून मोठी वाटली.

स्लायगोच्या अलीकडे ड्रमक्लिफला बस वीस मिनिटे थांबते. साध्या चर्चच्या अंगणात कवी येट्सची समाधी आहे, वर बेनबुल्बेनचा कापलेल्या वडीसारखा डोंगर. मंडळी डोंगराचे फोटो काढीत होती. मी समाधीपाशी उभा राहून आपल्या वऱ्हाडाची आठवण करीत होतो. बडनेऱ्यात जन्मलेले श्री पुरोहित स्वामी यांना बरोबर घेऊन येट्सने दहा प्रमुख उपनिषदांचे इंग्रजी केले. ते पुस्तक १९३७ साली निघाले. त्याआधी भगवान श्री हंस यांच्या कैलासयात्रेचे मराठी पुस्तक स्वामींनी इंग्रजीत नेले आणि त्याला प्रस्तावना लिहिली येट्सने. या कवीला संस्कृत येत नव्हते, मराठी येत नव्हते, इतकेच काय, आयरिशही येत नव्हते! तरी उपनिषदांना तो परका झाला नाही आणि आयर्लंडलाही नाही. भाषा ही वतनाची जमीन नव्हे. तिच्यात पाऊल टाकणाऱ्याचे ती मोजमाप घेत नाही.

त्या रात्री स्लायगोच्या हॉटेलात मी कार्ड काढले. बाहेर दहा वाजले तरी उजेड होता. मजकुराच्या जागी मी मराठीत लिहिले, की दोन नावांच्या एका गावात जाऊन आलो, तटावर बसून चहा प्यायलो, आणि आपल्या बेळगावच्या किल्ल्यावरचा पाऊस आठवला. बेळगावच लिहिले. माझी आठवण त्याच नावाने आहे. ती दुसऱ्या नावाने हाक मारली तर येत नाही. मग पत्त्याच्या बाजूला वळलो. गल्ली, घर, आणि ५९०००१. गाइडच्या युक्तीने इथेच थांबता आले असते. पण पत्ता हा पाठवणाऱ्यासाठी नसतो; घेणारा जिथे राहतो तिथे त्याला पोचावे लागते. १९९८ च्या शांतता-करारात एक कलम आहे, उत्तरेत जन्मलेल्या कोणालाही स्वतःला ब्रिटिश म्हणवता येईल, आयरिश म्हणवता येईल, किंवा दोन्ही. तीस वर्षांच्या रक्तपातानंतर दोन लढत्या पक्षांना जे सापडले ते या 'किंवा दोन्ही'त आहे. मी पत्त्यावर 'बेळगावी' लिहिले. न्यायालयातला दावा त्यामुळे हरला नाही की जिंकला नाही. ही शेजारी पलंगावर पडून पाहत होती. ती काहीच बोलली नाही, ही तिची संमती.

सकाळी बस सुटण्यापूर्वी कार्ड पेटीत टाकले. आयर्लंडमधल्या टपालपेट्या हिरव्या. पण जुन्या पेट्यांच्या ओतीव लोखंडावर व्हिक्टोरिया राणीची अक्षरे अजून उठून दिसतात. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा त्यांनी पेट्या फोडल्या नाहीत, वरून हिरवा रंग दिला. पत्रे त्याही आधी पोचत होती, त्यानंतरही पोचत राहिली.

पुण्यास परतल्यावर तीन आठवड्यांनी त्याचा निरोप आला. चित्र नव्हते, शुभेच्छा नव्हत्या. मराठीत, त्याच्या जुन्या ढंगाच्या मराठीत, चार ओळी होत्या:

"कार्ड पोचलं. तिकीट मुलीनं काढून घेतलं. अव्वाचे गुडघे दुखतात, पण तुझं नाव काढते. इकडं पाऊस लै लागलाय. कधी येतोस?"

दोनदा वाचले. चारही ओळींत गावाचे नाव कुठेच नव्हते. या दिवाळीत भाऊबीज झाली की जाणार आहे.